कॉकपिट, पायपेटी व पडदा : घरगुती विमानकक्षाचा पूर्वेतिहास

घरातील एखाद्या खोलीत तीन किंवा अधिक पडदे अर्धवर्तुळाकार मांडावयाचे, त्यांच्यापुढे लाकडी फळ्यांचा सांगाडा उभारून त्यावर विमानातल्यासारखी उपकरणे, कळी व दांडे बसवावयाचे, आणि संगणकाच्या साहाय्याने जमिनीवर बसूनच उड्डाणाचा अनुभव घ्यावयाचा, हा उद्योग आता जगभर रूढ झालेला आहे. त्याचा इतिहास बहुधा संगणकाच्या इतिहासाचे एक परिशिष्ट म्हणून सांगितला जातो. ही मांडणी सोयीची आहे, पण ती अपुरी आहे. या खोलीतील प्रत्येक महत्त्वाची वस्तू संगणकाहून जुनी आहे आणि तिच्यापैकी बऱ्याच वस्तू, आश्चर्य वाटेल, पण रंगभूमीच्या परिसरातून आलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात हा पूर्वेतिहास मांडावयाचा आहे. त्यासाठी दृष्टान्तस्थान म्हणून लाखांदूर हे भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे गाव घेतले आहे. या निवडीमागे केवळ स्थानप्रेम नाही. लाखांदूरहून नागपूरचे सोनेगाव आणि गोंदियाजवळचे बिरसी, ही दोन्ही विमानतळे आकाशमार्गाने शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहेत. लहान प्रशिक्षण-विमानाला ते अंतर अर्ध्या तासाचे. तथापि धानाच्या बांधीवर उभ्या असलेल्या मुलाला ते अंतर किती, याचे उत्तर किलोमीटरांत देता येत नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'कॉकपिट' या शब्दाचा मूळ अर्थ कोंबड्यांच्या झुंजीसाठी केलेला खड्डा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो इंग्रजीत आढळतो. झाडीपट्टीतील वाचकास त्याचे भाषांतर करून सांगावे लागणार नाही. पूर्व विदर्भात 'कोंबडबाजार' ही संस्था कायद्याने निषिद्ध असूनही लोकांच्या बोलण्यातून व वर्तमानपत्रांतून अद्याप हद्दपार झालेली नाही. या खड्ड्याभोवती वर्तुळाकार प्रेक्षक बसत. त्यामुळे नाटकमंडळ्यांना ही वास्तू आयतीच उपयोगी पडली : लंडनमधील ड्रुरी लेन येथील अशाच एका झुंजघराचे १६१६ साली क्रिस्टोफर बीस्टन याने नाट्यगृहात रूपांतर केले आणि ते 'कॉकपिट' याच नावाने ओळखले जाऊ लागले. अठराव्या शतकात हा शब्द जहाजावर चढला. युद्धनौकेच्या तळमजल्यावरील कोंदट, अंधारी जागा, जेथे लढाईच्या वेळी जखमींवर शस्त्रक्रिया होत, ती कॉकपिट. नेल्सनचा अंत १८०५ साली ट्रॅफल्गरच्या लढाईत अशाच जागी झाला. पुढे लहान नौकांतील सुकाणूवाल्याच्या बसक्या जागेस हे नाव मिळाले आणि तेथून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते विमानात गेले. कॉक म्हणजे लहान होडी, व त्यावरून हा शब्द आला, असे एक मत आहे. परंतु झुंजीच्या खड्ड्याचा दाखला इतका जुना आणि इतका सलग आहे की दुसऱ्या व्युत्पत्तीचा आश्रय करण्याचे कारण दिसत नाही.

खड्डा, रंगगृह, शस्त्रक्रियेची जागा, सुकाणूची जागा, विमानचालकाची जागा, अशी ही अर्थांची वाट आहे. तिच्यातील समान सूत्र 'चालवणे' हे नाही. अरुंद जागा, भोवती खिळलेल्या नजरा आणि जिवाची बाजी, हे ते सूत्र होय. घरगुती कॉकपिटमध्ये यांपैकी पहिली गोष्ट मात्र उरते; तिसरी नसणे हेच तर त्याचे प्रयोजन. मराठीत या अर्थी 'विमानकक्ष', 'चालककक्ष' असे शब्द वापरले जातात. ते स्वच्छ आहेत, पण त्यांत दाटी नाही. या लेखात दोन्हींचा वापर केला आहे.

जमिनीवर बसून उडावयास शिकण्याची कल्पना जवळजवळ विमानाइतकीच जुनी आहे. फ्रान्समधील आंत्वानेत कंपनीने १९१० च्या सुमारास आपल्या एकपंखी विमानाच्या चालकांसाठी एक विलक्षण साधन योजले. पिंपाचे दोन अर्ध एकावर एक ठेवावयाचे, वरच्यात शिकाऊ उमेदवाराने बसावयाचे आणि खालच्या बाजूने मदतनिसांनी ते हातांनी कलते करावयाचे. उमेदवाराने आपल्या चाकांनी तोल सावरावयाचा. हे साधन हास्यास्पद वाटेल. पण सिम्युलेटरचे सर्व तत्त्व त्यात आलेले आहे. विमान नाही, आकाश नाही, मात्र तोल ढळणे आणि तो सावरणे यांचा परस्परसंबंध खरा आहे.

या कल्पनेला यंत्राचे रूप देणारा मनुष्य विमानविद्येतला नव्हता. एडविन लिंक हा १९०४ साली जन्मला. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. लिंकने १९२० साली उड्डाणाचा पहिला धडा घेतला. त्या धड्याला पन्नास डॉलर पडले आणि शिक्षकाने त्याला दांड्याला हातही लावू दिला नाही, असे सांगतात. कथा थोडी रंगवलेली असेलही. परंतु शिक्षण महाग आणि हाती काही लागत नाही, ही तक्रार मात्र अगदी खरी व आजही ताजी आहे. १९२७ ते १९२९ या काळात त्याने ऑर्गनच्या कारखान्याच्या तळघरात आपले यंत्र बांधले. एक ठेंगणी, आखूड पंखांची लाकडी पेटी चार भात्यांवर टेकलेली असे. विजेच्या पंपाने भात्यांतील हवा शोषून घेतली की पेटी खाली झुके, हवा आत सोडली की वर येई. झडपांचा संबंध चालकाच्या दांड्याशी जोडलेला. १९२९ साली त्याने एकस्वासाठी अर्ज केला व १९३१ साली ते मिळाले.

येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. संगीत नाटकाच्या पायपेटीची यंत्ररचना ज्याने पाहिली असेल, त्याला लिंकचे यंत्र अपरिचित वाटणार नाही. आपल्या रंगभूमीवर जो ऑर्गन स्थिरावला तो अमेरिकन घाटाचा. हातपेटीत भात्याने हवा बाहेर लोटून सूर काढतात, तर या ऑर्गनमध्ये पायाने भाता चालवून हवा आत शोषून घेतात. लिंकच्या कारखान्यातील स्वयंचलित पियानोही शोषणाच्याच तत्त्वावर चालत. म्हणजे पुढे लाखो वैमानिकांना ज्याने शिकवले, ते यंत्र आणि झाडीपट्टीच्या मंडपात रंगमंचासमोर आजही वाजणारा ऑर्गन, हे एकाच कारागिरीचे वंशज ठरतात. दिवाळीनंतर धान निघाले की वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या लाखांदूर परिसरातील गावोगावी रात्र-रात्रभर नाटके करतात. त्या मंडपात कोणी विमानविद्येचा पूर्वज शोधणार नाही, हे उघड आहे.

लिंकच्या यंत्राला आरंभी ग्राहक मिळाले ते करमणुकीच्या बागांतून. लष्कराने ते खेळणे म्हणून बाजूस सारले होते. १९३४ साली अमेरिकेत टपालाची हवाई वाहतूक लष्करी वैमानिकांकडे सोपवण्यात आली. रात्री व धुक्यात केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याची त्यांना सवय नव्हती आणि अवघ्या काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मृत्युमुखी पडले. त्याच दिवसांत लिंक स्वतः दाट धुक्यातून विमान घेऊन नूअर्क येथे लष्करी अधिकाऱ्यांच्या भेटीस उतरला. लष्कराने प्रत्येकी सुमारे साडेतीन हजार डॉलरना सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हा 'निळा डबा' सुमारे दहा हजारांच्या संख्येने तयार झाला व पाच लाखांवर वैमानिक त्यात शिकले. खेळणे व शिक्षणसाधन यांतील सीमारेषा यंत्रात नसून ते वापरणाऱ्याच्या गरजेत असते, ही गोष्ट या इतिहासात पुनःपुन्हा आढळून येते. पुढे संगणकाच्या बाबतीतही तसेच घडले.

लिंकच्या पेटीचे झाकण मिटले की चालकास बाहेरचे काही दिसत नसे, आणि दिसू नये हाच हेतू होता. मात्र काही यंत्रांभोवती भिंतींवर क्षितिज, टेकड्या व ढग रंगवलेले असत. १९४१ सालच्या खगोलमार्गदर्शनाच्या यंत्रासाठी तर सुमारे पंचेचाळीस फूट उंचीचे, धान्याच्या कोठारासारखे घर बांधून त्याच्या घुमटात तारे मांडले होते. हा सरळ नेपथ्याचा भाग आहे. मराठीत नाटकाचा पडदा, चित्रपटाचा पडदा व संगणकाचा पडदा यांना एकच फारसी शब्द चालतो. मुळात तो शब्द झाकणाऱ्या वस्तूचा, दाखवणाऱ्या वस्तूचा नव्हे. रंगवलेल्या पडद्याने ही अर्थक्रांती आपल्याकडे घडवली. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा अशी योजना करणाऱ्या रंगभूमीवर पडदा हा आडोसा न राहता स्थळ झाला. बहुपडदी विमानकक्ष ही त्याच अर्थाची पुढची पायरी आहे.

पडद्यावरील दृश्य हलते करण्यास बराच काळ लागला. पॅन अमेरिकन कंपनीसाठी १९४८ साली तयार झालेल्या बोइंग ३७७ च्या सिम्युलेटरमध्ये उपकरणे सर्व होती, पण ना हालचाल, ना बाहेरचे दृश्य. त्यानंतरच्या दोन दशकांत एक मोठी युक्ती रूढ झाली : भिंतीएवढ्या फळ्यावर धावपट्टी, शेते व घरे यांची लहान प्रतिकृती उभारावयाची आणि चालकाच्या हालचालींनुसार तिच्यावरून दूरचित्रवाणीचा कॅमेरा फिरवावयाचा. प्रतिकृतीची कड संपली की जग संपले. संगणकाने रेखलेली दृश्ये प्रथम रात्रीचीच होती, कारण काळोखात केवळ दिव्यांचे ठिपके दाखवले की पुरे होई. १९६५ साली स्ट्यूअर्ट याने सहा पायांच्या हलत्या चौथऱ्याची रचना प्रसिद्ध केली. १९८० साली अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने अनुभवी वैमानिकाचे नव्या विमानावरील बहुतेक प्रशिक्षण सिम्युलेटरमध्येच पुरे करण्याची योजना मान्य केली.

नेमक्या याच सुमारास ही विद्या घरात आली. इलिनॉय विद्यापीठातील ब्रूस आर्टविक याने १९७५ साली उड्डाणदृश्य संगणकावर रेखण्याविषयी प्रबंध लिहिला व १९८० च्या सुमारास ॲपल-२ या घरगुती संगणकासाठी पहिली आज्ञावली विक्रीस आणली. तिच्यात भूभाग म्हणजे काही रेघा, डोंगर म्हणजे दोन-चार त्रिकोण. १९८२ साली तीच मायक्रोसॉफ्टच्या नावाने प्रसिद्ध झाली आणि उड्डाणाचा आरंभ शिकागोच्या मेग्ज विमानतळावरून होऊ लागला. नव्वदीच्या दशकात एक्स-प्लेन आणि मुक्त स्वरूपाची फ्लाइटगिअर या प्रणाली आल्या. मायक्रोसॉफ्टने २००९ साली आपला विभाग बंद केला आणि २०२० साली, उपग्रहचित्रांच्या आधारे सबंध पृथ्वी दाखवणारी नवी आवृत्ती आणली. तेव्हापासून वैनगंगा व चुलबंद यांची खोरी, त्यांतील तलाव आणि धानाच्या बांध्या पडद्यावर दिसू लागल्या. डोंगर म्हणजे त्रिकोण, या अवस्थेपासून येथवरचा प्रवास अवघ्या चाळीस वर्षांचा.

लाखांदूरसारख्या गावी कोणी असा कक्ष उभारू म्हटले तर खरा प्रश्न पैशाइतकाच भूमितीचा आहे, आणि त्यात पुष्कळ जण चुकतात. सत्तावीस इंची पडद्याची रुंदी सुमारे साठ सेंटीमीटर. डोळ्यापासून सत्तर सेंटीमीटरवर तो ठेवला तर सुमारे सेहेचाळीस अंशांचा दृश्यकोन व्यापतो. तीन पडदे एका सरळ रेषेत मांडले तर तिन्ही मिळून साधारण एकशेचार अंश होतात. तेच तीन डोळ्याभोवती वळवून मांडले, म्हणजे प्रत्येकाचे अंतर सत्तरच राखले, तर एकशेअडतीस. पडदे तेच, खर्च तोच. केवळ मांडणीने चौतीस अंश मिळतात आणि खिडकीतून बाजूस पाहण्याची सोय होते. विमानतळाभोवती चौकोनी फेरी घेऊन उतरणाऱ्या नवशिक्यास धावपट्टी बराच वेळ बाजूलाच दिसत असते. एका पडद्यावर ती दिसेनाशी होते. दुसरी गोष्ट, वळवलेल्या पडद्यांवर एकच रुंद चित्र ताणून घालता कामा नये. तसे केल्यास कडेची घरे लांबतात व विमान कलले की सांध्यांपाशी क्षितिज मोडते. प्रत्येक पडद्यास स्वतंत्र दृष्टी द्यावी लागते : मधली सरळ, डावी व उजवी सेहेचाळीस अंशांनी वळलेली, आणि दोन पडद्यांमधील चौकटीची जाडी हिशेबात धरून. चित्राचे क्षितिज बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीस आले पाहिजे. अशा तीन पडद्यांवर मिळून बासष्ट लाखांहून अधिक बिंदू दर क्षणी नव्याने रंगवावयाचे असतात; हा भार एका संगणकास पेलला नाही तर तीन संगणक जोडून तो वाटता येतो.

सांगाडा मात्र सुताराच्या आवाक्यातला आहे. प्लायवूड, दाराच्या बिजागऱ्या, फिरत्या दांड्याचा कोन मोजणारे साधे विद्युत्-रोधक आणि आर्डुइनोसारखी नियंत्रक पट्टी एवढ्यावर थ्रॉटल, चाके खालीवर करण्याची कळ, रडरची पेडले ही सर्व करता येतात. विमानाच्या घरगुती बांधणीची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात वैमानिक अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे खरे विमान बांधले. ते २०१६ साली 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली व २०२० साली धुळ्यास त्याच्या चाचण्या झाल्या. या प्रकरणाला कागदपत्रे आहेत, म्हणून येथे त्याचा उल्लेख करावयाचा. १८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, ही कथा मात्र उल्लेखापुरतीच घ्यावी. तिच्या आधाराला आणल्या जाणाऱ्या 'वैमानिकशास्त्र' ग्रंथातील विमाने उडणे अशक्य आहे, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली काढला आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी अभिमानासाठी गच्ची निवडावी, चौपाटी नव्हे.

आता मुख्य प्रश्न : या अनुकरणाने खरोखर काय शिकता येते? ज्या इलिनॉय विद्यापीठातून घरगुती आज्ञावली निघाली, तेथेच त्याचे मापनही झाले. स्टॅन्ली रॉस्को याने १९७१ साली असे प्रतिपादन केले की जमिनीवरील सरावाचा प्रत्येक पुढचा तास आधीच्या तासापेक्षा कमी फळ देतो. १९७३ साली पॉव्हेनमायर व रॉस्को यांनी लिंक कंपनीच्याच जीएटी-१ या यंत्रावर प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना यंत्रावर मुळीच सराव दिला नाही, त्यांना अंतिम परीक्षेस उतरेपर्यंत विमानात सरासरी ४५.४ तास लागले. तीन तास सराव दिलेल्यांना ४०.३, सात तास दिलेल्यांना ३८.६ आणि अकरा तास दिलेल्यांना ३७.९. पहिल्या तीन तासांनी पाच तास वाचवले. पुढच्या चारांनी पावणेदोन. त्यापुढच्या चारांनी एक तासही नाही. हे आकडे घरगुती कक्ष बांधणाराने आपल्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. अकरा तासांनी हे, तर अकराशे तासांनी काय? शिवाय प्रयोगातील विद्यार्थ्याशेजारी शिक्षक होता. एकट्याने सराव करणाराची नजर उपकरणांवर खिळते, कारण पडद्यावरच्या क्षितिजापेक्षा काट्यांचीच भाषा त्याला अधिक निश्चित वाटते. आणि ही सवय विमानात मोडावी लागते. कायद्याचे म्हणणे याहून रोखठोक आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यात घरच्या खोलीतला एकही तास मोजला जात नाही.

तरीही पहिल्या तीन तासांचे मोल लाखांदूरच्या मुलास नागपूरच्या मुलापेक्षा अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी १९४० साली युद्धकाळात केली. २००८ साली तेथे वैमानिक-प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तोवर भंडाऱ्यातून वेगळ्या निघालेल्या गोंदिया जिल्ह्यास नऊ वर्षे झाली होती. जुन्या भंडारा जिल्ह्याच्या भूमीवर देशभरचे तरुण उडावयास शिकू लागले, आणि त्या भूमीतील शेतकऱ्याच्या घरात विमान म्हणजे डोक्यावरून जाणारा आवाज एवढेच राहिले. तो आवाज समजण्यासाठी जी शब्दसंपत्ती व जे धैर्य लागते, त्याचा पहिला हप्ता कोणत्या तरी खोलीत मिळावयास हवा.

ग्रामीण मराठीत विहिरीची 'इहीर' होते, विठोबाचा 'इठोबा' होतो आणि त्याच नियमाने विमानाचे 'इमान' होते. अरबीतून आलेल्या 'इमान' या शब्दाशी हा ध्वनिसंयोग योगायोगाचा आहे. परंतु प्रतिकृती मुळाशी किती एकनिष्ठ आहे, हा जो सिम्युलेटरशास्त्रातील मध्यवर्ती प्रश्न, त्याला याहून चांगला मराठी शब्द अद्याप कोणी सुचवलेला नाही. निष्ठेचेही प्रकार आहेत. दृश्य हुबेहूब असणे एक, आणि जे धोक्याचे आहे ते दृश्यात असणे दुसरे.

२६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण-विमान महाराष्ट्र-मध्यप्रदेश सीमेवर वैनगंगेत कोसळले. नदीवरून आडव्या नेलेल्या तारेस ते अडकले, असे त्यावेळच्या वृत्तांत म्हटले होते. शिक्षक व शिकाऊ वैमानिक दोघांचाही मृत्यू झाला. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहूनच उडालेले दुसरे प्रशिक्षण-विमान बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ जंगलात पडले. तेव्हाही दोघे गेले. घरच्या तीन पडद्यांवर वैनगंगा आज नेमक्या वळणांनी वाहते, पाण्यावर ऊन चमकते, काठची झाडे दिसतात. परंतु हे जग वरून घेतलेल्या चित्रांवरून रचलेले आहे. त्या चित्रांतील एक बिंदू जमिनीवरील बऱ्याच सेंटीमीटरांचा असतो आणि तार बोटाएवढी. ती चित्रात उतरतच नाही. म्हणून पडद्यावर त्या जागी नदी मोकळी दिसते आणि पाण्यालगत उडणाऱ्या मुलास काहीही होत नाही.

फ्लाइटगिअरसारख्या मुक्त प्रणालीत अशी वस्तू कोणासही आपल्या हाताने नकाशात घालता येते. त्यासाठी दोन्ही काठांवरील खांबांचे अक्षांश-रेखांश, त्यांची उंची आणि तारेचा झोळ, एवढी माहिती पुरते.